दाजींचा झरा आणि पाणसुरू

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, चाळीस वर्षं प्लंबर होते आणि चाळीस वर्षं झाडांचे शत्रू होते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. ज्याने आयुष्यभर तुंबलेल्या ड्रेनेजमध्ये हात घालून घोड्याच्या शेपटीएवढे मुळांचे झुपके ओढून काढले, त्याला झाडाच्या सावलीचं फारसं कौतुक उरत नाही. दाजी कोणाच्याही घरी गेले की आधी नळ बघत नसत. अंगणात उभे राहून झाड बघत आणि विचारत, "हे कोणी लावलं?" घरातलं माणूस अभिमानाने सांगे, "आमच्या आजोबांनी." त्यावर दाजींचं उत्तर ठरलेलं असे. "आजोबा गेले, मुळं राहिली. काढून टाका."

अशा जाणकार माणसाच्या स्वतःच्या घरामागे, परसाच्या डाव्या कोपऱ्यात, अठरा वर्षं पाणी साचलेलं होतं. फार नाही, दोन खाटा मावतील एवढ्या जागेत. पण बारमाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. इथे पाषाणही कोरडा नव्हता.

दाजींचं म्हणणं होतं की तो झरा आहे. "जमिनीखालचा जिवंत झरा. घर बांधायच्या आधीपासूनचा. झऱ्याला काय पाना लावणार?" हे ते इतक्या ठामपणे सांगत की शेजारपाजारच्यांनीही मान्य केलं होतं. ताई मात्र नुसतं "आमच्या ह्यांचा झरा" म्हणायची आणि तीन विटांवर तोल सांभाळत दोरीवर कपडे वाळत घालायची.

मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. एका विमा कंपनीचा रेकॉर्ड विभाग सांभाळतो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. दर रविवारी सकाळी ताईकडे चहाला जायचं हा माझा नेम आहे, त्यामुळे यापुढचं बहुतेक सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

गेल्या वर्षी त्या विटांवरून ताईचा पाय घसरला. महिनाभर मनगटाला पट्टा होता. पट्टा सुटला त्या रविवारी तिने चहाचे कप ठेवले आणि उभ्यानेच निकाल दिला.

"तुमचे गुडघे गेले, तुम्हाला वाकवत नाही, मान्य आहे. म्हणून मी दुसऱ्याला बोलावते. तो व्हॅनवाला."

दाजींनी बशी खाली ठेवली. व्हॅनवाला म्हणजे बाजारातला दुसरा प्लंबर. त्याच्या व्हॅनवर पुरुषभर उंचीचा नळ रंगवलेला होता आणि नळातून निळा थेंब पडत होता. "स्वतःच्या गाडीवर गळका नळ काढतो, हा कसला प्लंबर," असं दाजी दहा वर्षं म्हणत आले होते. ती व्हॅन आपल्या दारात उभी आहे आणि सगळी गल्ली बघते आहे, यापेक्षा वाईट चित्र दाजींना काढता आलं नसतं.

"थांब जरा," ते म्हणाले. "मी बघतो."

"अठरा वर्षं बघताय. आता येती थंडी संपेपर्यंत बघा. थंडी संपली आणि माझ्या चपला भिजल्या, तर व्हॅन दारात."

मी निघालो तेव्हा दाजी फाटकापर्यंत आले. इकडे तिकडे पाहून म्हणाले, "मेहुणे, एक झाड बघायला जायचंय."

"कोणाचं काढताय?"

"काढायचं नाही. लावायचंय."

मी त्यांच्या कपाळाला हात लावून बघणार होतो, पण नात्याने ते मोठे. त्यांनीच खुलासा केला. भरपूर पाणी पिणारं झाड आणायचं आणि झऱ्यावर बसवायचं. पंप नको, वीज नको, आवाज नाही. झाड पाणी पीत राहील, ताईच्या चपला कोरड्या राहतील.

"पण दाजी, एकदा खणूनच बघितलं तर?"

"झरा खणला की मोठा होतो," दाजी म्हणाले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघू लागले.

नर्सरीची मालकीण आमच्याच वयाची होती. पायात गमबूट, कमरेला कात्री.

"काय हवंय?"

"पाणी पिणारं झाड," दाजी म्हणाले.

"सगळीच पितात हो."

"जास्त पिणारं. पण पाइपच्या वाटेला न जाणारं. सरळ, शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"झाड बघताय की जावई?"

तिने आधी पाण्याकाठी वाढणारा एक विलो दाखवला. दाजी दोन पावलं मागे सरकले. "याला मी ओळखतो. याने मला एका शाळेच्या संडासाखाली तीन दिवस बसवलं होतं." मग निलगिरीकडे बोट गेलं, पण ते तिनेच मागे घेतलं, म्हणाली, हे तुमचं पिऊन झालं की शेजाऱ्यांचंही पितं. शेवटी ती आम्हाला अगदी मागच्या ओळीत घेऊन गेली. तिथे पाण्याने भरलेल्या एका मोठ्या टबात सात कुंड्या बुडवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीत कमरेएवढं एक रोप. सुरूसारखं सरळ, पण पान सुरूसारखं राठ नव्हतं. पोपटी, पिसासारखं, हात लावला तर मांजराच्या पोटासारखं मऊ.

"स्वॅम्प सायप्रस," ती म्हणाली. "दलदलीतलं झाड. गिऱ्हाइकाला समजावं म्हणून आम्ही पाणसुरू म्हणतो."

"पाण्यात बुडवून ठेवलंय? कुजत नाही?"

"पाय ओले असले की खूश असतं."

"म्हणजे पाणी पितं."

"पाण्यात राहतं, असं म्हटलं मी. पितं किती, ते मी मोजलेलं नाही."

यातलं दाजींनी काय ऐकलं कोण जाणे. त्यांचा चेहरा मात्र काम मिळाल्यासारखा झाला होता. "आणि मुळं?" त्यांनी दरडावून विचारलं.

"पसरतात. मोठं होणारं झाड आहे, घरापासून आणि पाइपपासून लांबच लावा. आणि वय झालं की, पाणी जवळ असेल तर, याला गुडघे येतात."

"काय येतात?"

"गुडघे. मुळांचे लाकडी खुंट जमिनीतून वर येतात, त्यांना गुडघेच म्हणतात."

दाजींनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. ओल्या फरशीवर चाळीस वर्षं टेकून त्यांचे दोन्ही गुडघे आता जिना बघितला तरी कुरकुरत. "ओल्यात उभं राहून राहून गुडघ्यांचं असं होणारं झाड," ते गंभीरपणे मला म्हणाले, "मेहुणे, हे आपल्या धंद्यातलं आहे."

सातातलं कोणतं, हे ठरवायला पाऊण तास लागला. दाजींनी रोपं पाइप निवडावा तशी निवडली. कुंडी उचलायची, एक डोळा मिटायचा, बुंध्यावरून शेंड्यापर्यंत नजर लावायची. दोन रोपं वाकडी निघाली. मग त्यांनी मालकिणीला रोपं कुंडीतून सोडवून दाखवायला लावली. ज्यांची मुळं कुंडीच्या कडेने गोल फिरली होती ती बाद. "हे आत्तापासून घिरट्या घालतंय, पुढे काय करेल?"

मालकीण बघतच राहिली. "बागकाम केलंय वाटतं?"

"नाही. गुन्हेगार ओळखता येतात."

निवडलेल्या रोपाला दोऱ्याने एक पिवळं कार्ड बांधलेलं होतं. "मागे सगळं लिहिलंय, वाचा बरं का," ती म्हणाली. कार्ड पावसात भिजून खराब होईल म्हणून मी ते सोडवून खिशात ठेवलं. घरी आल्यावर पंचिंग मशीनने दोन भोकं पाडून 'ताई – घर – किरकोळ' या फाइलीत लावलं. त्याबद्दल आत्ता इतकंच. पुढे बोलावं लागणारच आहे.

झाड लावताना दाजींनी लावणं हा शब्द एकदाही वापरला नाही. झाड 'बसवलं'. खड्ड्याच्या काठावर पातळी बघायची पाणसळ ठेवली, बुंध्याला ओळंबा लावला. ड्रेनेजच्या लाइनपासूनचं अंतर तीन वेळा मोजलं आणि अगदी पाठच्या भिंतीजवळची जागा धरली; भिंतीपलीकडे मोकळं मैदान असल्यामुळे कोणाची तक्रार नव्हती.

"आणि धुण्याच्या नळाची लाइन कुठून जाते?" मी विचारलं.

"आहे ती कुठेतरी."

अर्ध्या गावाच्या पाइपांचे नकाशे ज्याला तोंडपाठ होते, त्याला घरच्या नळाची लाइन 'कुठेतरी' होती. कपडे पिळता पिळता ताई मला हळूच म्हणाली, "बघ, कुठेतरी पाणी मुरतंय." तिला हसू येत होतं. मला वाटलं, कोपऱ्याबद्दलच बोलते आहे.

पाणसुरूने मात्र दाजींचं नाव राखलं. तो असा वाढला की दर रविवारी मला दारातूनच फरक दिसे. दाजींनी मागच्या दाराशी एक खुर्ची टाकली. आधी ते तिथे चहापुरते बसत, मग वर्तमानपत्रापुरते, मग वर्तमानपत्राशिवाय. काम सोडल्यापासून त्यांच्या हातांना जी चुळबुळ लागली होती ती थांबली. एकदा जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. दारातलं झाड पाइपवर आलंय, काढू का, म्हणून विचारत होता. दाजी ओरडले, "झाडाचं काय चुकलं? पाइप हलवा!" आत ताईच्या हातातून डाव पडला.

पाणी तेवढं हटलं नाही. झाड वीतभर वाढलं की डबकं बोटभर वाढे.

"पितंय, पितंय," दाजी म्हणत. "अजून लहान आहे. तोंड केवढंसं त्याचं."

"हो ना," ताई म्हणे. "दोघं कशी बहीणभावासारखी वाढतायत. थंडीपर्यंत मोठी होतील आणि मग व्हॅनमधून फिरायला जातील."

हवा बदलली, सकाळी अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटू लागलं, आणि एका रविवारी दाजी मला फाटकातच भेटले. "मेहुणे, गंज."

पाणसुरूच्या शेंड्याला तांबूस छटा आली होती. पुढच्या रविवारी ती निम्म्यावर उतरली. तिसऱ्या रविवारी सगळं झाड जुन्या लोखंडी पाइपच्या रंगाचं झालं होतं. खरं सांगायचं तर ते सुंदर दिसत होतं. पण तो रंग दाजींच्या आयुष्यभराच्या वैऱ्याचा होता. मग पानं गळायला लागली. नुसती पानं नाहीत, बारीक बारीक डहाळ्याच पिसासारख्या खाली. आठवडाभरात डबक्याच्या काठी एक काठी उभी राहिली.

ताई खराट्याने ती गळती गोळा करत होती आणि टोमणा मारत नव्हती. प्रकरण किती गंभीर आहे ते मला त्यावरून कळलं.

"नर्सरीत जाऊन विचारू या," मी म्हणालो.

"तक्रार घेऊन? 'परवा बसवलं आणि आज बंद पडलं' म्हणणारी गिऱ्हाइकं मी चाळीस वर्षं झेलली. मी त्यातला नाही. तिने माल चांगला दिला होता. माझ्याकडे येऊन खराब झाला." ते खुर्चीत बसले. "पाय कुजले त्याचे. पाण्यात राहतं, ठीक आहे. ओल्या घरात माणूसही राहतो. पण किती दिवस?"

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा चहाचा पत्ता नव्हता. दाजी परसात एका पाटावर बसले होते, दोन्ही पाय पुढे पसरून, कारण गुडघे दुमडत नव्हते. हातात फावडं, बाजूला पाना. मुख्य कॉक बंद केलेला. झाडापासून चार हातांवर त्यांनी खणायला घेतलं होतं. चाचपून नाही, अंदाजाने नाही. थेट एका जागी. भिंतीवरून शेजारचा शिंपी गळ्यात टेप तसाच ठेवून बघत होता.

"इथेच कशावरून?" मी विचारलं.

"मीच बसवलाय."

"काय?"

"जोड." त्यांनी फावडं चालूच ठेवलं. "अठरा वर्षांपूर्वी ही लाइन टाकत होतो. एका हॉटेलात पाणी तुंबलं, बोलावणं आलं. हा जोड हाताने आवळला. म्हटलं, आल्यावर पाना लावतो. आलो तर गवंड्याने माती लोटून सपाट केलेलं. म्हटलं, एवढ्याने काय होतंय."

"आणि झरा?"

"झरा चार दिवसांनी सुचला."

मी पाटाशेजारी बसलो. "मग दाजी, आत्ताच का? थंडी संपायला अजून बराच वेळ आहे. शिंपी बघतोय."

"बघू दे. थंडी संपेपर्यंत झाड थांबणार आहे का? नाव अठरा वर्षं जपलं. आणि हे आठ महिन्यांत मरतंय, माझ्या त्या नावापायी." पुढे काही बोलायच्या आत मागचं दार वाजलं. ताई आली होती.

दाजी उठून उभे राहिले. मला हात द्यावा लागला. गुडघ्यांचा आवाज शिंप्यालाही ऐकू गेला असेल.

"अगं, ऐक. तो झरा नाही. जोड आहे. माझ्या हातचा."

ताईने पदर खोचला. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. गावाची टाकी धुवायला दोन दिवस पाणी बंद करतात ना, तेव्हा तुमचा झराही आटतो. जमिनीखालचा जिवंत झरा, आणि टाकीच्या सुट्ट्या पाळतो!"

भिंतीवरून शिंप्याचं डोकं खाली गेलं. तो हसत असावा.

"मग अठरा वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. वाटलं, व्हॅनचं नाव काढलं की तरी सांगाल. तर तुम्ही झाड घेऊन आलात!" तिने पाना उचलून त्यांच्या हातात दिला. "आवळा आता. माझे म्हणून दोन आटे जास्त."

दुपारपर्यंत जोड बदलून झाला, माती ओढून झाली. अठरा वर्षांत प्रथमच तो कोपरा वरवर सुकू लागला. दाजी काठीसारख्या त्या झाडापाशी उभे होते. "उशीर झाला बहुतेक," एवढंच म्हणाले.

मी घरी आलो. झालेल्या कामाची नोंद करायची माझी पद्धत आहे. 'ताई – घर – किरकोळ' फाइल काढली, 'मागचा कोपरा, जोड बदलला' असं लिहून कागद लावायला गेलो, आणि खालून पिवळं कार्ड वर आलं. मी ते पहिल्यांदा उलटलं.

'हे झाड थंडीच्या दिवसांत पानं गाळतं. आधी तांबूस होतं, मग पूर्ण उघडं पडतं. मेलं समजून काढू नये. थंडी संपताच फुटतं. पहिली काही वर्षं मुळाशी ओल कमी पडू देऊ नये.'

मी ते तीनदा वाचलं. कागद जागेवर लागला की काम झालं, असं मी हाताखालच्या माणसांना आयुष्यभर शिकवत आलो आहे. कार्ड शर्टाच्या खिशात ठेवून मी दोन गल्ल्या चालत गेलो. रस्ता एवढा लांब कधी वाटला नव्हता.

ताईने कार्ड मोठ्याने वाचलं. दाजी माझ्याकडे बघत राहिले. नर्सरीत विलोकडे बघितलं होतं तसेच.

"हे आठ महिने कुठे होतं?"

"जागेवर होतं," मी म्हणालो.

ताई हसायला लागली ती मागच्या पायरीवर बसेपर्यंत. मग उठून तिनेच पाणसुरूच्या एका फांदीवर नखाने बारीक खरवडलं. साल निघाली आणि आत ओला, हिरवा रंग दिसला. दाजींनी चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं.

"म्हणजे हे झोपलं होतं," ते सावकाश म्हणाले. "आणि मी शिंप्यादेखत नाव घालवून बसलो."

"आणि वर त्याचं पाणी तोडलंत," ताई म्हणाली. तिने परसाकडे एक नजर टाकली आणि दुसरा निकाल दिला. "माझ्या दोऱ्या उजवीकडे घ्या, तिथे कोरडं राहू दे. आणि त्याच्या बुडाशी एक नळ बसवा. थेंब थेंब गळणारा."

"मी? मी गळका नळ बसवू?"

"मग काय झालं? अठरा वर्षांचा अनुभव आहे."

ते काम दाजींना चार दिवस पुरलं. न गळणारा नळ बसवायला त्यांना पूर्वी दहा मिनिटं लागत. बरोबर हवा तेवढाच गळणारा नळ ही वेगळीच विद्या निघाली. सहा वॉशर त्यांनी ब्लेडने कापून फुकट घालवले. सातवा बसला. एक थेंब, मग दहा आकडे मोजेपर्यंत काही नाही, मग दुसरा. माझ्याशी ते दोन रविवार जेमतेम बोलले. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "मेहुणे, त्या फाइलीत माझं आणखी काही आहे का?" म्हणजे माफी मिळाली.

थंडी उतरणीला लागली. एका सकाळी दाजींनी मला फाटकातून ओढतच मागे नेलं. काठीवर जागोजागी मोहरीएवढे हिरवे ठिपके आले होते. दाजी बोटाने दाखवत होते, पण हात लावत नव्हते. ताई उजवीकडे, कोरड्या जमिनीवर, चादरी वाळत घालत होती.

तेवढ्यात भिंतीपलीकडच्या मैदानात गाडी थांबल्याचा आवाज आला आणि भिंतीवर व्हॅनवाल्याचं डोकं उगवलं. तो शिंप्याकडे कामाला आला होता.

"काय काका," तो आनंदाने म्हणाला, "तुमच्याच घरचा नळ गळतोय की! देऊ का करून?"

दाजींचे कान लाल झाले. सांगायचं तर कार्डापासून सगळं सांगावं लागलं असतं. झऱ्यापासूनच, खरं तर.

ताईने हातातली ओली चादर झटकली. मागे वळूनही पाहिलं नाही.

"गळत नाही तो," ती म्हणाली. "तसा बसवलाय. ह्यांच्याशिवाय जमत नाही कोणाला."

डोकं खाली गेलं. गाडी सुरू होऊन शिंप्याच्या दाराकडे गेली. दाजी खुर्ची झाडाच्या बाजूला ओढून बसले आणि तोंडातल्या तोंडात आकडे मोजू लागले. दहा झाले. थेंब पडला.